हप्ता वेळेवर, मुद्दल मात्र चढतंय

बँकेच्या क्रेडिट विभागातल्या साहेबांनी ताळेबंदातल्या एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि विचारलं, "मॅडम, हे कर्ज गेल्या वर्षी दोन कोटींचं होतं. आता दोन कोटी चौदा लाख दिसतंय. मध्ये आणखी उचल केली का?"

मी म्हटलं, "नाही साहेब. एक रुपया उचलला नाही. हप्ता एकदाही चुकला नाही."

"मग वाढलं कसं?"

ही जुलै २०२३ मधली गोष्ट. सीसीच्या, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँकेनं दिलेल्या कॅश क्रेडिटच्या, नूतनीकरणासाठी मी कागद घेऊन गेले होते. उत्तर मला ठाऊक होतं, करारावर माझीही सही होती. पण ते उत्तर दुसऱ्याला समजावून सांगताना पहिल्यांदाच माझ्या पोटात गोळा आला. ज्या व्याजाला आम्ही वर्षभर 'सवलत' म्हणत होतो, ते कुठंही गेलेलं नव्हतं. मुद्दलात जाऊन बसलं होतं आणि आता त्यावरही व्याज लागत होतं.

आमचा कारखाना गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आहे. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमधून आलेली कास्टिंग्ज, म्हणजे ओतीव भाग, मशीनिंग करून आम्ही ट्रॅक्टर आणि पंप बनवणाऱ्या कंपन्यांना देतो. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, उद्यमनगरात दोन लेथवर सुरुवात केली होती. आज ३८ माणसं कामाला आहेत. शॉप धाकटा भाऊ बघतो, हिशेब आणि बँक मी बघते.

२०२२ च्या सुरुवातीला आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकानं एका नव्या हाउसिंगचं, म्हणजे यंत्राच्या बाहेरच्या कवचाचं, काम देऊ केलं. त्यासाठी दोन हॉरिझाँटल मशीनिंग सेंटर, फिक्स्चर आणि गेज असा सगळा मिळून दोन कोटींचा खर्च होता. बँक मुदत कर्ज द्यायला तयार होती, पण पंचवीस टक्के मार्जिन, म्हणजे आमच्या खिशातला वाटा, आणि आणखी तारण हवं होतं. मार्जिनचे पन्नास लाख आमच्याकडे नव्हते. तेव्हा ओळखीतून मुंबईची एक वित्त कंपनी आली. त्यांनी पूर्ण दोन कोटी देऊ केले. पाच वर्षांची मुदत, व्याज सोळा टक्के. त्यातलं नऊ टक्के दरमहा रोखीनं भरायचं आणि उरलेलं सात टक्के दर तिमाहीला मुद्दलात मिळवायचं. मुद्दल पाच वर्षांनी एकरकमी. आबांची, भावाची आणि माझी वैयक्तिक हमी, शिवाय आबांचा एक प्लॉट गहाण.

या सात टक्क्यांना करारात पीआयके म्हटलेलं होतं, म्हणजे पेमेंट इन काइंड. नावावरून वाटावं की व्याज वस्तूच्या रूपात द्यायचं. प्रत्यक्षात दिलं जातं ते आणखी कर्ज. आबांना मी हे समजावून सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे वाढीदिढीच की गं." त्यांच्या आजोबांच्या काळी पेरणीला सावकाराकडून जोंधळा आणायचे आणि सुगीला दीडपट परत करायचे. पीक बुडालं तर ती दीडपट पुढच्या वर्षाच्या खात्यात मूळ माप म्हणून मांडली जायची. मी म्हटलं, "आबा, दीडपट नाही, सात टक्केच आहे. आणि मशीनं आपल्याकडं येणार आहेत." त्यांनी सही केली. पण "मूळ माप म्हणून मांडली जायची" हे शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत.

नंतर या विषयावर वाचायला लागले तेव्हा कळलं की आबा बोलले ते किती जुनं दुखणं आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोखा तीनच वर्षं वैध ठेवला. रयतेचं रक्षण व्हावं हा त्याचा हेतू. पण सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागले आणि थकलेलं व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून चढू लागलं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले, त्यामागच्या रागाचं हेही एक कारण होतं. आपल्याकडे दामदुपटीचा नियमही होता, एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नसे. पण व्याजच मुद्दल झालं की मोजणी नव्यानं सुरू. त्या रयतेची आणि आमची तुलना मी करत नाही. आम्ही शिकलेले, करार वाचून सही करणारे लोक. पण व्याज मुद्दलात शिरण्याची वाट तीच आहे, हे मला विसरता येत नाही.

आम्ही इतक्या सहज तयार का झालो, यालाही कारण होतं. २०२० च्या मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेच्या सवलतीमुळे सीसीचं व्याज आम्ही भरलं नव्हतं. ते साचलेलं व्याज बँकेनं वेगळ्या मुदत कर्जात टाकलं, फंडेड इंटरेस्ट टर्म लोन, आणि ३१ मार्च २०२१ पर्यंत फेडायला लावलं. दोन कोटींपर्यंतच्या कर्जदारांना चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक सरकारनं दिला, तो आम्हालाही मिळाला. तो अनुभव एकंदरीत बरा गेला होता. व्याज पुढं ढकललं, काम परत सुरू झालं, फेडून टाकलं. त्यामुळे पुढं ढकललेलं व्याज म्हणजे काहीतरी तात्पुरतं, आटोपशीर, असं मनात बसलं. पण तेव्हा ढकललेलं व्याज सहा महिन्यांचं होतं आणि फेडायची तारीख जवळ होती. इथं वीस तिमाह्या होत्या.

आता आकडे सांगते, कारण त्यांच्याशिवाय यातलं काहीच कळत नाही. पूर्ण सोळा टक्के रोखीनं भरायचे असते तर महिन्याला २ लाख ६६ हजार गेले असते. आम्ही दीड लाख भरत होतो. महिन्याला १ लाख १६ हजार हातात राहत होते. दुसऱ्या बाजूला, पहिल्या तिमाहीच्या शेवटी साडेतीन लाख मुद्दलात चढले, दुसऱ्या तिमाहीला ३ लाख ५६ हजार. वर्ष संपताना मुद्दल २ कोटी १४ लाख ३७ हजार. आणि रोखीचं नऊ टक्केही या वाढलेल्या मुद्दलावर लागतं, म्हणून दुसऱ्या वर्षी तोच दीड लाखाचा हप्ता १ लाख ६१ हजारांच्या घरात गेला. पाचव्या वर्षअखेर एकरकमी द्यायची रक्कम होणार होती २ कोटी ८३ लाख. सही करायच्या आधी हा शेवटचा आकडा मी काढला होता. खरं सांगायचं तर काढून बाजूला ठेवला होता.

पहिला धक्का वर्षअखेरीची वाट न बघता आला. ३० जून २०२२ ला साडेतीन लाख मुद्दलात चढले आणि सीएंचा फोन आला, "ताई, सात तारखेच्या आत पस्तीस हजार टीडीएस भरा." मी म्हटलं, "अहो, व्याज दिलंच नाही तर टीडीएस कसला?" त्यांनी शांतपणे समजावलं. टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्यानंच कापून सरकारकडे भरायचा कर. बँकेला दिलेल्या व्याजावर तो कापावा लागत नाही, वित्त कंपनीच्या व्याजावर लागतो. आणि तो व्याज दिल्यावर किंवा तिच्या खात्यात जमा धरल्यावर, यातलं जे आधी घडेल त्या वेळी. मुद्दलात मिळवलं म्हणजे जमा धरलंच. सरकारला मात्र रोखच लागते. वित्त कंपनी खात्यात पूर्ण साडेतीन लाख चढवायची, आम्ही पस्तीस हजार खिशातून भरायचे, मग विवरणपत्र भरून १६ए फॉर्म, म्हणजे टीडीएस भरल्याचा दाखला, द्यायचा, तेव्हा ते पैसे आम्हाला परत मिळायचे. जूनच्या टीडीएसचे पैसे परत येईपर्यंत ऑगस्ट उलटून जायचा. रक्कम मोठी नव्हती. पण 'न भरायच्या' व्याजापोटी रोख बाहेर जाते, हे तेव्हा प्रथम कळलं.

दुसरा धक्का आयकराचा, आणि तो मोठा. तेव्हाच्या आयकर कायद्याचं ४३बी कलम सांगायचं की बँकेचं आणि ठरावीक मोठ्या वित्त कंपन्यांचं व्याज प्रत्यक्ष भरलं तरच खर्च म्हणून वजा मिळेल. व्याजाचं कर्जात रूपांतर केलं तर ते 'भरलं' असं धरत नाहीत, हे त्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. मधल्या काळात, २०२१ मध्ये, व्याजाच्या बदल्यात डिबेंचर, म्हणजे कंपनीचे कर्जरोखे, दिले तर ते भरल्यासारखं आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं एका कंपनीच्या बाजूनं दिला होता. २०२२ च्या अर्थसंकल्पात तीही वाट बंद केली गेली. आमचं तर सरळसरळ कर्जातच मिळवलेलं व्याज. २०२२-२३ मध्ये १४ लाख ३७ हजार पीआयके व्याज नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून दिसत होतं, पण कर काढताना ते नफ्यात परत धरलं गेलं. त्यावर ३ लाख ६१ हजार कर भरला. ज्या वर्षी व्याज भरू, त्या वर्षी वजावट मिळेल, हे खरं. पण ते पाच वर्षांनी, एकरकमी फेड करू तेव्हा.

आणि २०२३-२४ मध्ये जे झालं ते मी पुस्तकात वाचलं असतं तर विश्वास ठेवला नसता. ग्राहकानं त्या हाउसिंगची मागणीची वेळापत्रकं कमी केली. ११ कोटींची उलाढाल १० कोटींवर आली. व्याज, घसारा आणि कर वजा करण्याआधीचा नफा, ज्याला बँकवाले एबिटा म्हणतात, तो १ कोटी ३२ लाखांवरून ९२ लाखांवर घसरला. घसारा आणि सगळं व्याज वजा जाता आम्हाला १० लाखांचा तोटा झाला. तरीही कर लागला. पीआयकेचे १५ लाख ४० हजार उत्पन्नात परत धरल्यावर कागदावर पाच लाख उत्पन्न उरलं. (घसाऱ्याचे कंपनीचे आणि आयकराचे आकडे एरवी वेगळे असतात, आमचे त्या वर्षी जवळपास सारखे आले.) भाऊ म्हणाला, "ताई, तोट्यात आणि कर भरायचा?" मी चलन भरून आले आणि त्या दिवशी दुसरं काही काम केलं नाही.

या काळात मी स्वतःच्या समाधानासाठी एक आकडा धरून बसले होते. एबिटाला रोखीच्या व्याजानं भागायचं, म्हणजे इंटरेस्ट कव्हरेज. बँकेचं आणि वित्त कंपनीचं मिळून रोखीचं व्याज वर्षाला साडेएक्केचाळीस लाखांच्या आसपास होतं. पहिल्या वर्षी कव्हरेज ३.२ आलं, दुसऱ्या वर्षी २.२. दोनच्या वर आहे, ठीक आहे, असं मी स्वतःला सांगत होते. पीआयके धरून मोजलं असतं तर पहिल्या वर्षी २.४ आणि दुसऱ्या वर्षी १.६ दिसलं असतं. मी ते मोजत नव्हते. व्याजाचा जो भाग पुढं ढकललाय, तो भागाकारातूनही गळतो आणि घसरण उशिरा दिसते.

माझ्यासारख्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, ती सांगायलाच हवी. कंपनी कायद्याप्रमाणे छोट्या कंपनीला रोख प्रवाह पत्रक द्यावं लागत नाही. सप्टेंबर २०२२ पासून चार कोटींपर्यंत भांडवल आणि चाळीस कोटींपर्यंत उलाढाल असलेली कंपनी छोटी धरली गेली, म्हणजे आम्ही त्यात अगदी आरामात बसतो. मेहनत वाचावी म्हणून दिलेली ही सूट आहे. पण कारखान्यात रोख कुठून आली आणि कुठं गेली हे ज्या एका पानावर दिसतं, तेच पान आमच्या ताळेबंदात कधी नव्हतं. सीएंना मागितलं असतं तर त्यांनी करून दिलं असतं. मी मागितलं नाही.

जुलै २०२४ मध्ये परत नूतनीकरण आलं. या वेळी बँकेनं ते महागडं कर्ज आपल्याकडे घ्यावं, असा अर्जही मी सोबत दिला होता. सीएमए डेटा, म्हणजे कर्जासाठी बँकेला द्यायचे आकड्यांचे तक्ते, मी स्वतः भरला. डीएससीआर काढताना, म्हणजे कमाईतून हप्ता आणि व्याज किती वेळा भागतं ते मोजताना, भागाकारात मी रोखीचंच व्याज धरलं. उत्तर आलं १.३८. आमच्या बँकेला किमान १.२५ लागतो. मागच्या वर्षीचेच साहेब होते. त्यांनी पान बघितलं, कॅल्क्युलेटर पुढं ओढला, पंधरा लाख चाळीस हजार खाली मिळवले आणि १.१२ लिहून कागद माझ्याकडं फिरवला. "मॅडम, हे व्याज तुम्हाला द्यायचंच आहे ना?" एवढंच म्हणाले. चिडले नाहीत. सीसी तेवढीच ठेवली, कर्ज घ्यायला नकार दिला. मला त्यांचा राग आला नाही. कारखान्याबाहेरच्या माणसानं त्या कर्जाकडे सरळ नजरेनं बघितलं होतं.

त्या रात्री मी पहिल्यांदा रोख प्रवाह मांडायला बसले. दोन वर्षांची बँक स्टेटमेंट, वह्या, सगळं काढलं. तीन रात्री लागल्या. २०२३-२४ ची बेरीज अशी निघाली. ९२ लाखांतून रोखीचं व्याज गेलं, बँकेच्या मुदत कर्जाचे २४ लाख मुद्दल गेलं, कर गेला. २५ लाख उरायला हवे होते. उलट २३ लाख कमी पडले होते. मग ते कुठं गेले? येणे बाकी बघितली. आदल्या वर्षी २ कोटी २६ लाख, आता २ कोटी ७४ लाख. विक्री कमी होऊनही येणं ४८ लाखांनी वाढलं होतं. ग्राहक सरासरी ७५ दिवसांत पैसे देत होते, ते १०० दिवसांवर गेले होते. दोन वर्षांत आमच्या कर्जात चढलेलं व्याज २९ लाख ७७ हजार, आणि त्याच दोन वर्षांतल्या एकाच वर्षी ग्राहकांकडे जास्तीचे अडकले ४८ लाख.

म्हणजे सोळा टक्क्यांच्या कर्जावरचं व्याज न भरता जे वाचवलं, ते आम्ही आमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या कंपनीला बिनव्याजी वापरायला दिलं होतं. मशीनसाठी घेतलेली सवलत मशीनला लागलीच नाही. हे लिहितानाही मला त्रास होतो, कारण त्यात कुणी फसवलेलं नाही. आमच्या डोळ्यांदेखत, महिन्या-महिन्यानं झालं.

त्याचे पुढचे फटकेही त्याच पानांवर दिसले. सीसीची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष किती उचलता येईल ते, काढताना नव्वद दिवसांपुढचं येणं बँक धरत नाही. बिलं जशी जुनी होत गेली तशी आमची मर्यादा आतून आक्रसत गेली. वर २०२३-२४ पासून ४३बी कलमातली नवी तरतूद लागू झाली, सूक्ष्म आणि लघु उद्योगांची ४५ दिवसांपुढं लांबलेली देणी ३१ मार्चपर्यंत दिली नाहीत तर त्या वर्षी ती खर्च म्हणून वजाच मिळणार नाहीत. आमचे टूलिंगवाले, प्लेटिंगवाले, टेम्पोवाले सगळे छोटे लोक. त्यांचं चुकवायचं नाही, हे आबांचं पहिल्यापासूनचं सांगणं, आणि आता कायदाही तेच म्हणत होता. ३१ मार्चच्या आत त्यांची देणी द्यायला सीसी शेवटच्या रुपयापर्यंत ओढली.

कायदा आमच्याही बाजूनं आहे, हेही तेव्हा नीट वाचलं. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपुढं पैसे लांबवता येत नाहीत. लांबवले तर खरेदीदारानं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज द्यायचं. तेव्हा बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे २०.२५ टक्के. मी हिशेब केला. सरळ व्याज धरलं तरी वर्षाला ३० लाखांच्या वर आमचं येणं निघत होतं, आम्हाला वित्त कंपनीला द्याव्या लागणाऱ्या पीआयकेच्या जवळपास दुप्पट. आम्ही आयुष्यात एकदाही ते व्याज बिलात लावलेलं नाही. सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते, पण तक्रार केल्यावर पुढचं वेळापत्रक येईल का, या भीतीनं करत नाही. ज्या खरेदी ऑर्डरवर आमच्या सह्या आहेत तिच्यातच ६० दिवस लिहिलेले आहेत. माझ्या ओळखीचा एकही जॉबवर्कवाला हे व्याज मागत नाही. छोट्या कारखान्यांच्या तब्येतीबद्दल बोलताना हा विषय पहिला यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मग मी करार परत काढला, या वेळी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. एकोणिसाव्या पानावर एक कलम होतं, जे सही करताना वाचलं होतं आणि विसरले होते. कोणत्याही तिमाहीत, पंधरा दिवस आधी कळवून, पूर्ण व्याज रोखीनं भरता येईल आणि त्या तिमाहीपुरता दर सोळाऐवजी पंधरा टक्के. म्हणजे पीआयके ही सक्ती नव्हती. प्रत्येक तिमाहीला आम्ही काहीही न कळवता ती निवडत होतो, आणि तिची किंमत म्हणून एक टक्का जास्त देत होतो.

मी भावाला दाखवलं. तो म्हणाला, "ताई, महिन्याला सव्वा लाख जास्त कुठनं आणणार?" प्रश्न बरोबरच होता. त्या वर्षी आमच्याकडे ते नव्हते. म्हणून २०२४-२५ हे वर्षही तसंच गेलं, मुद्दल चढत राहिलं. ३१ मार्च २०२५ ला २ कोटी ४६ लाख २८ हजार ७८६. फरक एवढाच की आता दर सोमवारी सकाळी मी पुढच्या तेरा आठवड्यांचं रोखीचं पत्रक मांडत होते आणि भाऊ नऊ वाजता त्यावर बसत होता. कुठलं बिल कधी येणार, कोणाला कधी द्यायचं. शॉपमध्ये जॉबची मोजमापं जशी रोज घेतात तशी.

वाट निघाली ती ट्रेड्समधून. मोठ्या खरेदीदारांवरची बिलं ऑनलाइन वटवायची, म्हणजे व्याज कापून पैसे आधीच घ्यायचे, ही रिझर्व्ह बँकेच्या परवान्यानं चालणारी व्यवस्था. आधी ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांनाच तिथं नोंदणी सक्तीची होती आणि आमचा मोठा ग्राहक त्याखाली होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ही मर्यादा २५० कोटींवर आणली आणि ३१ मार्च २०२५ ची मुदत दिली. आता तो त्यात बसला. पण नोंदणी सक्तीची असली तरी आपलं बिल तिथं मान्य करणं सक्तीचं नाही, हे अनेकांना माहीत नसतं. त्यासाठी मी त्यांच्या परचेस आणि फायनान्स विभागात चार फेऱ्या मारल्या. तक्रारीच्या सुरात बोलले नाही. "तुम्ही तुमच्या दिवशीच पैसे द्या, आम्हाला आधी मिळतील, व्याज आम्ही सोसतो," असं मांडलं. फायनान्समधल्या मॅडमना ते पटलं. एप्रिलपासून बिलं वटायला लागली. दर साडेआठ टक्क्यांच्या आसपास, आणि ग्राहकानं पैसे बुडवले तरी आमच्याकडे परत मागणी नाही. एकीकडे सोळा टक्क्यांनी वाढणारं कर्ज, दुसरीकडे साडेआठ टक्क्यांत मोकळं होणारं येणं.

एप्रिल ते जून २०२५ या तिमाहीसाठी आम्ही पहिल्यांदा ते पत्र पाठवलं, पूर्ण व्याज रोखीनं भरतो म्हणून. महिन्याला तीन लाखांच्या वर गेले. जूनमध्ये एक आठवडा इतका ताणाचा गेला की भावानं स्वतःचा पगार घेतला नाही. सप्टेंबरपर्यंत येणे बाकी २ कोटी १० लाखांच्या खाली आली, तेव्हा ६० लाख मुदतीआधी फेडायचं ठरलं. दोन टक्के आकार पडला, १ लाख २० हजार.

इथं सीएंनी सांगितलेली एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. ६० लाख पाठवण्याआधी त्यांनी वित्त कंपनीकडून लेखी पत्र मागवायला लावलं, की यातले पहिले ४६ लाख २८ हजार ७८६ हे मुद्दलात मिळवलेल्या व्याजापोटी आणि उरलेले मूळ मुद्दलापोटी जमा केले आहेत. नुसतं 'अंशतः परतफेड' असं स्टेटमेंटवर आलं असतं, तर तीन वर्षं अडकलेली वजावट आत्ता मिळते की नाही यावर आयकर विभागाशी वाद झाला असता. त्या एका पत्रावर साडेअकरा लाखांच्या कराचा प्रश्न होता. वित्त कंपनीच्या माणसानं आधी "असं पत्र आम्ही देत नाही" म्हटलं. तीन मेल आणि दोन फोननंतर दिलं.

पीआयके वाईटच असतं असं मी म्हणणार नाही. आमच्या त्या दोन मशीनना पहिले दहा महिने कमाईच नव्हती. नमुने पाठवायचे, ग्राहकाची मंजुरी यायची, मग उत्पादन. तेवढ्या काळापुरतं व्याज पुढं ढकलणं बरोबरच होतं, त्याशिवाय हे काम आम्हाला घेताच आलं नसतं. चार तिमाह्या ते घ्यायला हवं होतं. आम्ही बारा घेतल्या, कारण थांबायची तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती.

ऑक्टोबरमध्ये तिमाहीचं स्टेटमेंट आलं. मी छापून घरी नेलं. आबा संध्याकाळी ओसरीवर बसले होते. त्यांनी चष्मा लावला, प्लॉटचा गट नंबर लिहिलेली तारणाची ओळ आधी वाचली, मग खाली आले. जूनचा आकडा आणि मार्चचा आकडा एकच होता. त्यावर त्यांचं बोट थांबलं. मग सप्टेंबरचा, १ कोटी ८६ लाख २८ हजार ७८६. "हे घेतल्यापेक्षा कमी झालं," ते म्हणाले, आणि पुढचं स्टेटमेंट कधी येणार ते विचारलं.